माळ्यावर बाळंतीण

*ताई,*

*आम्ही टोरांटोत, स्कारबरोला राहतो. दोन वर्षांची मुलगी आहे. मार्चमध्ये चिपळूणहून सासूबाई आल्या आणि पाठोपाठ एक रॅकून, इथला रात्री हिंडणारा रानटी प्राणी, आला. आईंनी आधी मागच्या दारच्या लाकडी डेकवर ताटलीत उरलेली पोळी ठेवली, मग दूधभात सुरू झाला. शेजारी पाण्याचं पातेलं. तो पोळी पाण्यात बुचकळून खातो, तर आईंना कोण कौतुक! "बघ, धुऊन खातो. केवढा सोवळ्याचा!" त्यांच्या मते हे आपलं उदमांजरच, फक्त डोळ्यांत काजळ जरा जास्त झालंय. एप्रिलपासून रात्री छतात धाडधाड ऐकू येते, आणि गेल्या आठवड्यापासून पाखरांसारखी किलबिल. नवरा भाड्याने पिंजरा आणणार आहे, पकडून शंभर किलोमीटरवर जंगलात सोडतो म्हणतो. आई म्हणतात, मुक्या जिवाला हाकललंत तर मी जेवणार नाही. ओल्या कचऱ्याची ग्रीन बिन रोज सकाळी आडवी पडलेली असते. त्यात शेजारीण म्हणाली, रॅकूनना रेबीज असतो. मी दोघांच्या मधे अडकलेय. काय करू?*

*— स्कारबरोची सून*

सूनबाई,

पिंजरा आणू नका आणि ताटली आज रात्रीच आत घे. ही दोन कामं झाली की बाकीचं सावकाश वाच, कारण घाई करून चालणारच नाही. वर बाळंतीण आहे.

किलबिल लिहिलीस तिथेच मला कळलं. रॅकूनची पिल्लं असा आवाज करतात, बरेच जण छतात पक्ष्याने घरटं केलंय असंच समजतात. इथे ही मंडळी जानेवारी ते मार्चमध्ये जुळतात, साधारण ६३ दिवसांनी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात. बहुधा तीन ते पाच. जन्मल्यावर तीनेक आठवडे डोळेसुद्धा उघडत नाहीत. बाप ढुंकून बघत नाही, सगळं आईच्या गळ्यात. तेव्हा तुमच्या डेकवर पोळी खायला येतो तो 'तो' नसून 'ती' असण्याचीच शक्यता जास्त. तिला उबदार, कोरडी, कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशी जागा हवी होती. जुन्या झाडाची ढोली मिळाली असती तर ती तिथे गेली असती. तुमच्या अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर, थंडी अडवणाऱ्या गुलाबी इन्सुलेशनची गादी आयतीच अंथरलेली होती.

आता नवऱ्याचा बेत. आपल्या ऑन्टारिओ प्रांतात स्वतःच्या घराचं नुकसान करणारा रॅकून पकडायला परवानगी आहे, पण पकडल्यापासून २४ तासांत आणि पकडल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. शंभर किलोमीटरवर नेणं म्हणजे गुन्हा. कायदा उगीच केलेला नाही. एका ठिकाणचा रोग दुसऱ्या ठिकाणी जातो, हे एक. दुसरं म्हणजे शहरातल्या रॅकूनचं जग फार लहान असतं. यॉर्क विद्यापीठातल्या सुझॅन मॅकडॉनल्ड यांनी टोरांटोतल्या रॅकूनच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून पाहिलं, तर ते चार गल्ल्यांतच फिरत होते आणि मोठा रस्ता ओलांडायला राजी नव्हते. कुठल्या बिनचं झाकण सैल, कोणाच्या कुंपणाखाली फट, हे त्या चार गल्ल्यांपुरतं पाठ असतं. अनोळखी रानात ते ज्ञान कुचकामी. आणि एवढं करून जागा रिकामी झाली की महिन्याभरात दुसरा येतो, कारण भोक तसंच आहे.

पण नवऱ्याला कायदा सांगून पटलं नाही, तर वासाचं सांग. पिंजऱ्यात आई सापडेल. पिल्लं वरच राहतील, तुमच्या मुलीच्या खोलीच्या छतात, उपाशी. जूनच्या उकाड्यात पुढे काय होईल ते मी लिहीत नाही.

हे ऐकीव नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्हीही शहाणपणा केला होता. छताच्या कडेला, सॉफिट, म्हणजे छताच्या कडेखालची पट्टी, आणि कौलांच्या सांध्यात (शिंगल्सना आम्ही अजून कौलंच म्हणतो) नारळाएवढं भोक दिसलं. ओळखीतून एक हरहुन्नरी गृहस्थ मिळाले. मे महिन्यातली दुपार, त्यांनी शिडी लावली, जाळी ठोकली, पैसे घेतले आणि "आता काही काळजी नाही" म्हणून गेले. आत कोण आहे हे त्यांनी पाहिलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. रात्री अकराला आई परत आली. आधी जाळी हलवून पाहिली. मग जे सुरू झालं ते पहाटेपर्यंत. शिंगल उचकटल्याचा आवाज बंद खिडकीतून ऐकू येतो, एखाद्याने जाड पुठ्ठा टरकावावा तसा. सकाळी छताला जुन्याच्या दुप्पट मोठं नवं भोक होतं. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि मुलांच्या खोलीच्या ड्रायवॉलवर चहाच्या रंगाचा डाग उतरला.

त्याच दिवशी संध्याकाळी मात्र एक गोष्ट पाहिली. ती छतावरून खाली आली ती डोकं खाली करून, खारीसारखी. त्यांचे मागचे पाय पार उलटे वळतात, म्हणून ते जमतं. तोंडात मानगुटीला धरलेलं पिल्लू, चारही पाय लोंबते. कुंपणाच्या वरच्या फळीवरून तोल सांभाळत ती मागच्या घराच्या शेडमागे गेली, रिकाम्या तोंडाने परत आली. अशा चार खेपा केल्या. शेवटच्या खेपेला मधेच थांबून तिने आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. का ठेवलं, मला अजून सांगता येणार नाही.

त्या खेपांमुळेच मला कळलं की तिला हाकलावं लागत नाही. रॅकूनच्या मादीकडे एकच घर कधीच नसतं. आजूबाजूला दोन-तीन जागा तिने हेरून ठेवलेल्या असतात. एक गैरसोयीची झाली की ती बिऱ्हाड हलवते. म्हणून तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत.

पहिला, थांबायचं. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात. हिचे दोन-अडीच महिने धर. आठ-दहा आठवड्यांची झाली की पिल्लं रात्री आईमागे बाहेर पडायला लागतात. एप्रिलअखेरची असतील तर जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला. तेव्हा भोकावर बाहेरच उघडणारी एकतर्फी झडप बसवायची. सगळी बाहेर पडतात, आत कोणालाच येता येत नाही. तोवर आवाज सहन होत नसेल तर अ‍ॅटिकच्या दारातून आत दिवा लावून ठेव आणि दिवसा रेडिओ, बातम्यांचा, सतत माणसं बोलणारा. दिवसा झोपणाऱ्या बाईला याचा वैताग येतो आणि पुष्कळदा ती आपणहून पिल्लं उचलून दुसरीकडे जाते. डांबराच्या गोळ्या किंवा अमोनिया टाकू नका. ती बधत नाही आणि तो वास खाली तुमच्या मुलीच्या नाकात जातो.

दुसरा रस्ता, माणूस बोलवायचा, पण वन्यप्राणी न मारता काढणारा. त्याला फोनवरच विचार, "पिल्लांचं काय करता?" जाणता असेल तर तो सांगेल की पिल्लं हाताने बाहेर काढून उबदार खोक्यात घालून भोकाजवळच ठेवतो, झडप लावतो, आणि रात्री आई येऊन एकेक करून घेऊन जाते. "पिंजरा लावू" किंवा "जाळी ठोकू" म्हणाला तर फोन ठेवून दे. शेकड्यांत डॉलर जातील, पण छत दुरुस्त करण्यापेक्षा स्वस्त.

कुठलाही रस्ता घेतलास तरी शेवटी भोक बंद करण्याआधी एक साधी परीक्षा कर. वर्तमानपत्राचा बोळा करून भोकात सैलसा कोंब. तीन रात्री तो जागचा हलला नाही तर आत-बाहेर कोणी नाही. मग जाड गॅल्व्हनाइज्ड जाळी, स्क्रूने. बाथरूमच्या पंख्याच्या छतावरच्या प्लॅस्टिकच्या टोप्याही बघून घ्या. ते प्लॅस्टिक त्यांच्या हातात पापडासारखं मोडतं.

आता सासूबाई. खरं तर तुझं पत्र त्यांच्याबद्दलच आहे, पिंजरा निमित्ताला.

चिपळूणच्या घरात उदमांजर माळ्यावर नाचलं तर कोणी पोलीस बोलवत नाही. काही भागांत त्याला कांडेचोर म्हणतात. रात्री कौलांवरून धावतं, पिकलेली फळं खातं, कधी आढ्यात पिल्लं घालतं, सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे छतात प्राणी आहे याची भीती तुझ्या सासूबाईंना नाही आणि ती त्यांची जमेची बाजू आहे. (नातं मात्र नाही. उदमांजराचं कूळ वेगळं, रॅकून मूळचा अमेरिका खंडातला. तोंडवळा मिळतो एवढंच.) पण त्यांना विचार, चिपळूणला तुम्ही उदमांजराला ताटली ठेवायचात का? नाही ठेवायच्या. ते आपलं आपण खायचं. घास काढायचा तो गायीला, कावळ्याला. इथे गाय नाही, म्हणून तो घास हिच्या वाट्याला आला. समजू शकते. परदेशात सहा महिने दुसऱ्याच्या घरात काढताना आपल्या हातचं कोणीतरी खातंय, हे समाधान लहान नसतं.

"धुऊन खातो" यात त्यांनी चूक केली असं म्हणू नकोस, कारण तीच चूक प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने केली. त्याने १७५८ साली याला अस्वलात घातलं आणि 'लोटोर', म्हणजे धुणारा, असं नाव दिलं. ते नाव आजही टिकलंय. जर्मन लोक तर अजून याला 'धुणारं अस्वल' म्हणतात. प्रत्यक्षात सोवळ्याचा काही संबंध नाही. पुढच्या पंजांची कातडी अतिशय संवेदनशील असते, ओली झाली की आणखी. पाण्यात बुचकळून ती हाताने 'बघते' की हे काय आहे. घाण पाण्यातही तितक्याच श्रद्धेने बुचकळेल. आणि सोवळ्याचं म्हणशील तर पुढचं वाच.

रॅकूनची शौचाची जागा ठरलेली असते. पुन्हा पुन्हा तिथेच. सपाट छत, झाडाचा बुंधा, लाकडांचा ढीग, आणि अन्न मिळत असेल तर डेकचा कोपरा. त्या विष्ठेत एका गोल जंताची अंडी असू शकतात. ताजी असताना धोका नसतो, दोन ते चार आठवड्यांनी ती माणसाला बाधण्याजोगी होतात आणि मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. माणसाला लागण क्वचित होते, पण झाली तर मेंदूवर आणि डोळ्यांवर जाते, आणि ज्यांना होते त्यांत माती तोंडात घालणारी लहान मुलं असतात. तुझी मुलगी दोन वर्षांची आहे. सासूबाईंना दुसरं काहीही सांगू नकोस, एवढंच सांग. नातीपुढे रॅकूनचं काही चालणार नाही.

आणि उद्या उजेडी डेकचे कोपरे बघ. काही दिसलं तर हातमोजे, चांगला मास्क, आधी थोडं पाणी शिंपडून धूळ बसव, उचलून पिशवीत बांध, मग त्या जागेवर उकळतं पाणी ओत. ब्लीचने ही अंडी मरत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात. वाळूचा खेळायचा हौद असेल तर रात्री झाकण.

खाऊ घालण्याबद्दल शहराचाही नियम आहे, २०२३ पासून टोरांटोत वन्यप्राण्यांना खाऊ घालायला मनाई आहे. पण मला दंडापेक्षा वेगळी काळजी वाटते. जुलैत ती पिल्लांना घेऊन पहिल्यांदा बाहेर पडेल तेव्हा त्यांना गाव दाखवेल. पहिला थांबा तुमचं डेक असेल. सासूबाई सप्टेंबरात परत जातील. ऑक्टोबरात पाच धष्टपुष्ट रॅकून तुझ्या मागच्या दाराची जाळी खरवडतील, आणि तेव्हा त्यांना मुका जीव म्हणणारं घरात कोणी नसेल.

आईंना दुसरं काम दे. मागे मेथी-कोथिंबीर लावू देत, त्याला हे तोंड लावत नाहीत. मका तेवढा लावू नका. मका म्हणजे यांची दिवाळी. घास काढायचाच असेल तर महिन्याला तांदळाची पिशवी फूड बँकेत देऊन येऊ दे. पहिल्यांदा तू बरोबर जा.

रेबीज. शेजारीण अगदीच खोटं बोलली नाही. २०१५ च्या डिसेंबरात हॅमिल्टनला रॅकूनचा रेबीज सापडला, ऑन्टारिओत दहा वर्षांनी. त्यानंतर सरकारने लशीचे हिरवट खाऊचे तुकडे टाकले, गावात हाताने आणि रानात विमानातून. पण दिवसा दिसला म्हणजे पिसाळला, असं नाही. पिल्लं पाजणारी आई भुकेपायी भर दुपारीही हिंडते. झिंगल्यासारखा चालणारा, माणसाला न बिचकणारा, डोळ्यांना चिकट पाणी आलेला दिसला, तर टोरांटोत तो बहुधा डिस्टेंपरचा रोगी असतो. माणसाला तो होत नाही, लस न घेतलेल्या कुत्र्याला होतो. जवळ जाऊ नका, शहराच्या ३११ नंबरला फोन करा. कोणाला चावला किंवा ओरबाडलं तर मात्र तर्क लढवत बसायचं नाही. पंधरा मिनिटं साबणपाण्याने धुवायचं आणि तडक डॉक्टर. आपल्याकडे कुत्रा चावल्यावर करतो तेच.

ग्रीन बिनचं दुःख एकट्या तुझं नाही. शहराने ३ कोटी १० लाख डॉलरचं कंत्राट देऊन २०१६ पासून खास रॅकूनला न उघडणाऱ्या बिन आणल्या. त्याआधी तेव्हाचे महापौर जॉन टोरी यांनी तर युद्धाला निघाल्याच्या थाटात भाषण केलं होतं. मॅकडॉनल्डबाईंनी रॅकूनवरच परीक्षा घेतली, सगळे नापास झाले. मग २०१८ मध्ये एका बातमीदार बाईंच्या घरामागे एका मादीने बिन आडवी पाडली, दांडा फिरवला आणि जेवायला बसली, कॅमेऱ्यासमोर. बहुतेकांना अजून ते जमत नाही. पण यातली मेख बघ, आडवी पाडल्याशिवाय तिचं काही चालत नाही. बिन भिंतीला लावून हुकाच्या लवचीक दोरीने बांध, म्हणजे झालं. कचरागाडी यायच्या दिवशी रस्त्यावर ठेवायची ती आदल्या रात्री नाही, सकाळी. कोळंबीची सालं आणि मटणाची हाडं पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, त्या सकाळी थेट बिनमध्ये.

याच शहराने जुलै २०१५ मध्ये यंग स्ट्रीटच्या फुटपाथवर मेलेल्या एका रॅकूनचं नाव कॉनरॅड ठेवलं होतं. पालिकेचा माणूस यायला चौदाएक तास लागले, तोवर लोकांनी मेणबत्त्या, फुलं, चौकटीतला फोटो असा सगळा सरंजाम मांडला. दिवसा शिव्या द्यायच्या आणि मेल्यावर फुलं वाहायची. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही.

तर आज ताटली आत. पातेलंही. दोन-तीन रात्री ती येऊन रिकाम्या जागी हात फिरवेल, सासूबाईंना बघवणार नाही, तेव्हा पडदा ओढून घे. नवऱ्याला पिंजऱ्याऐवजी छताकडे झुकलेल्या फांद्या छाटायला लाव, छतापासून निदान दोन मीटर लांब. भोक कुठे आहे ते संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बघत बसा, काळोख पडताना ती बाहेर पडते. ते काम सासूबाईंना दे. उदमांजराच्या वाटेवर नजर ठेवून मोठ्या झालेल्या बाईला ते तुम्हा दोघांपेक्षा आधी दिसेल.

जाळी ठोकायच्या दिवशी बोळ्याची तिसरी रात्र उलटली आहे ना, एवढं त्यांच्याकडून वदवून घे. शिडी नवऱ्याने धरायची.

— ताई